ट्रान्झिशनल डीपीटी घेऊ का? अमेरिकेतली पदवी आणि राज्याचा परवाना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाईंनी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, केली आहे. पतीच्या नोकरीमुळे सध्या त्या न्यू जर्सीत आहेत. एका मान्यताप्राप्त अमेरिकन विद्यापीठाचा ऑनलाईन ट्रान्झिशनल डीपीटी (फिजिकल थेरपीतल्या डॉक्टरेटचा) कोर्स त्यांनी निवडला आहे. तो पूर्ण केला की फिजिकल थेरपिस्टचा परवाना मिळेल का, आणि दोनेक वर्षांत टेक्सासला जावं लागलं तर तो तिथे चालेल का?

आधी थेट उत्तर देतो: त्या कोर्सच्या जोरावर परवाना मिळणार नाही. फी भरायची घाई करू नका. हा कोर्स मुळात निघाला तो अमेरिकेत आधीच परवाना असलेल्या, पण बॅचलर किंवा मास्टर पदवीवर थांबलेल्या थेरपिस्टांना डॉक्टरेटपर्यंत नेण्यासाठी. परवान्यासाठी राज्यांची बोर्डं ‘कॅप्टी’ या, फिजिकल थेरपीच्या कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता बघतात. ती मान्यता व्यवसायात प्रवेश देणाऱ्या पहिल्या पदवीला, म्हणजे साधारण तीन वर्षांच्या पूर्ण डीपीटीला मिळते. ट्रान्झिशनल कोर्स तिच्या कक्षेतच येत नाही. विद्यापीठ कितीही नामवंत असलं तरी यात फरक पडत नाही. याच कोर्समधले दोन-तीन विषय तुमच्या उपयोगाचे ठरू शकतात, पण त्याकडे नंतर येऊ.

हा घोटाळा होतो तो आपल्याकडच्या सवयीमुळे. भारतात फार्मसी, नर्सिंग, आर्किटेक्चर, वैद्यक या क्षेत्रांत कॉलेजला मान्यता देशपातळीवरच्या परिषदेकडून येते. मान्य कॉलेजची पदवी हातात पडली की राज्याच्या कौन्सिलमध्ये नोंदणी हा बहुतांशी कागदपत्रांचा प्रवास असतो. इंजिनिअरला तर नोंदणीही लागत नाही. त्यामुळे ‘कॉलेज मान्यताप्राप्त आहे ना?’ एवढा एकच प्रश्न विचारायची आपल्याला सवय आहे.

अमेरिकेत परवाना हा राज्याचा अधिकार आहे. ‘डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया’ या १८८९ च्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना परवाना सक्तीचा करण्याचा राज्याचा हक्क उचलून धरला, आणि आजही प्रत्येक राज्याचा प्रत्येक व्यवसायासाठी वेगळा कायदा, वेगळं बोर्ड आणि वेगळी नियमावली आहे. पदवी देणारं विद्यापीठ, त्या एका कोर्सला मान्यता देणारी व्यावसायिक संस्था आणि परवाना देणारं बोर्ड हे तिघे एकमेकांना बांधलेले नाहीत. विद्यापीठाचा पदवीदान समारंभ बोर्डावर काहीच बंधन घालत नाही.

मान्यतेचेही दोन थर आहेत. एक अख्ख्या संस्थेची मान्यता. तिच्यामुळे सरकारी शैक्षणिक कर्ज मिळतं, क्रेडिट दुसरीकडे नेता येतात. दुसरी त्या विशिष्ट कोर्सची मान्यता: फिजिकल थेरपीला कॅप्टी, इंजिनिअरिंगला ॲबेट, आर्किटेक्चरला नॅब, फार्मसीला एसीपीई, समाजकार्याला सीएसडब्ल्यूई, समुपदेशनाला केक्रेप, दंतवैद्यकाला कोडा. प्रवेश कक्षातला माणूस ‘आम्ही पूर्ण मान्यताप्राप्त आहोत’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा पहिल्या थराबद्दल बोलत असतो. तो खोटं बोलत नसतो, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तरही देत नसतो.

दुसरा थर तपासताना विद्यापीठाच्या वेबसाइटवर थांबू नका. मान्यता देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत कोर्सचं नेमकं नाव, पदवीची पातळी, कॅम्पस आणि सद्यस्थिती बघा. नव्या कोर्ससमोर ‘उमेदवार’ किंवा ‘पूर्व-मान्यता’ असं लिहिलेलं असेल, तर तुमची बॅच बाहेर पडायच्या आत पूर्ण मान्यता न मिळाल्यास काय होईल, हे लेखी विचारा. एकाच विद्यापीठाच्या एका कॅम्पसवरचा कोर्स मान्य आणि ऑनलाईन शाखा अमान्य, असंही असतं.

खरी फसगत जुळ्या नावांच्या पदव्यांत होते.

आर्किटेक्चर घ्या. मुंबई-पुण्याहून बी.आर्क. केलेले अनेक जण एक-दीड वर्षाचं एम.एस. इन आर्किटेक्चर करतात. ती संशोधनाकडे झुकलेली पदवी आहे, तिला नॅबची मान्यता नसते. परवान्याच्या वाटेवरची पदवी म्हणजे एम.आर्क., आणि तीसुद्धा नॅबच्या यादीतली. तिथली चार वर्षांची बी.एस. इन आर्किटेक्चरही व्यावसायिक पदवी धरली जात नाही. पाच वर्षांची बी.आर्क. धरली जाते. भारतातली बी.आर्क. जमेस धरायची असेल तर ईसा हे वेगळं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. त्याशिवाय ३,७४० तासांचा अनुभव आणि सहा भागांची एआरई परीक्षा आहेच.

इंजिनिअरिंगमध्ये गंमत उलटी आहे. ॲबेटची मान्यता प्रामुख्याने बॅचलर पातळीवर असते. म्हणजे भारतातून बी.ई. सिव्हिल आणि वर नामांकित अमेरिकन विद्यापीठाची एम.एस. असेल, तरी पीई, म्हणजे व्यावसायिक इंजिनिअरच्या परवान्यासाठी बोर्ड तुमच्या बी.ई.कडेच बोट दाखवतं. मग एनसीईईएस या संस्थेचं मूल्यांकन लागतं. त्यात गणित व मूलभूत विज्ञानाची ३२ आणि इंजिनिअरिंग विज्ञान व डिझाइनची ४८ सेमेस्टर क्रेडिट मोजली जातात, आणि काही कमी पडलं तर एम.एस.चे विषय ते भरून काढू शकतात. भारत २०१४ पासून इंजिनिअरिंग पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन करारात आहे हे खरं, पण तो एनबीए या भारतीय मान्यता मंडळाच्या टियर-१ कोर्सपुरता, आणि तो मानायचा की नाही हे प्रत्येक बोर्ड ठरवतं. ‘इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’ हा आणखी एक जुळा. ॲबेटचा शिक्का त्याच्यावरही असतो, पण तो वेगळ्या आयोगाचा. काही राज्यं अशा पदवीला जादा वर्षांचा अनुभव मागतात, काही ती चालवूनच घेत नाहीत. सॉफ्टवेअरवाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. त्यांची पीई परीक्षा २०१९ मध्येच बंद झाली.

फार्मसीची गोष्ट सर्वांत कठोर आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. परदेशी फार्मासिस्टना आधी एफपीजीईसी हे परदेशी पदवीची पडताळणी करणारं प्रमाणपत्र लागतं, आणि १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांसाठी किमान पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची अट आहे. आपली बी.फार्म. चार वर्षांची. वर दोन वर्षांची एम.फार्म. किंवा अमेरिकेतली एम.एस. इन फार्मास्युटिक्स जोडून सहा वर्षं होतात, असा हिशोब लोक मांडतात. तो चालत नाही, कारण वर्षं पहिल्या व्यावसायिक पदवीची मोजतात. भारतातली सहा वर्षांची फार्म.डी. या अटीत बसते. बी.फार्म.वाल्यांना दुकानात औषध देणारा फार्मासिस्ट व्हायचं असेल, तर अमेरिकेतली पूर्ण फार्म.डी. हाच मुख्य मार्ग उरतो. औषध कंपनीतल्या नोकरीसाठी परवाना लागत नाही. तिथे एम.एस. उत्तम आहे.

मानसशास्त्रातही असंच. एम.ए. सायकॉलॉजी ही ३०-३६ क्रेडिटची पदवी सहसा कुठलाच परवाना देत नाही. समुपदेशकासाठी बहुतेक राज्यं ६० सेमेस्टर क्रेडिट मागतात, आणि ओहायोसारखं राज्य २०१८ पासून पदवीला केक्रेपची मान्यता हवीच म्हणतं. केक्रेपच्या कोर्समध्ये १०० तासांचं प्रॅक्टिकम आणि ६०० तासांची इंटर्नशिप असते. हे तास मागाहून सुटे मिळवणं जवळपास अशक्य आहे, कारण विद्यापीठाबाहेरच्या माणसाला देखरेख देणारं कोणी सापडत नाही. एम.एड.चीही दोन रूपं आहेत. एक ‘प्रथम परवान्यासह’, ज्यात शाळेतला शिकवण्याचा सराव असतो. दुसरी आधीच परवाना असलेल्या शिक्षकांसाठी. संध्याकाळची, स्वस्त आणि पूर्ण ऑनलाईन असलेली एम.एड. बहुतेक वेळा दुसरी निघते.

बाकीचं झटपट. बीडीएसवाल्यांनी एम.एस. इन ओरल बायॉलॉजीवर विसंबू नये. साधारण दोन-तीन वर्षांचा ‘ॲडव्हान्स्ड स्टँडिंग’, म्हणजे परदेशी दंतवैद्यांना पुढच्या वर्गात घेणारा डीडीएस किंवा डीएमडी हा हमरस्ता. कर्वे संस्था किंवा निर्मला निकेतनच्या एमएसडब्ल्यूचं मूल्यांकन सीएसडब्ल्यूईची स्वतंत्र सेवा करते. वकिलांसाठी न्यू यॉर्क मोकळं आहे: भारतीय एलएलबी कॉमन लॉची असल्याने कालावधीची अट पुरी होत असेल तर एलएलएमशिवायही परीक्षेला बसायची वाट आहे. जिथे एलएलएम लागते तिथे ती २४ क्रेडिटची आणि प्रत्यक्ष वर्गातली हवी. बीएएमएसला परवाना देणारं राज्य नाही.

आता मूळ प्रश्न विचारणाऱ्या बाईंच्या, म्हणजे तुमच्या कामाचं.

बोर्ड आधी बघेल ते तुमच्या बीपीटीचं मूल्यांकन. इथे लोकांचे पहिले पैसे वाया जातात, कारण विद्यापीठाच्या प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी केलेलं डब्ल्यूईएस या संस्थेचं सर्वसाधारण मूल्यांकन त्यांच्याकडे तयार असतं आणि तेच चालेल असं वाटतं. परवान्याची बोर्डं आपापल्या नेमलेल्या संस्थेचंच घेतात: पीटीसाठी एफसीसीपीटीसारखी संस्था, सीपीएला (अमेरिकेतल्या परवानाधारक अकाउंटंटला) बहुतेक राज्यांत नासबाची सेवा, इंजिनिअरला एनसीईईएस. न्यू जर्सीच्या बोर्डाच्या पानावर कोणत्या संस्था चालतात ते बघा, टेक्सासच्या पानावर तेच बघा, आणि दोन्हींना चालणारी निवडा.

मूल्यांकन ‘कोर्स वर्क टूल’ नावाच्या तक्त्यावर होतं. तुमचा प्रत्येक विषय अमेरिकेतल्या पदवीशी ताडून बघतात. या तक्त्याच्या आवृत्त्या आहेत आणि कोणती लागेल ते पदवीच्या वर्षावरून ठरतं; २०१७ पासून पुढच्यांना सहावी. काही राज्यं मात्र पदवी कधीचीही असो, चालू आवृत्तीच लावतात. त्यामुळे एकच बीपीटी एका राज्यात पुरेशी आणि दुसऱ्यात अपुरी ठरू शकते. आपल्या बीपीटीत तूट निघते ती बहुधा दोन ठिकाणी. एक, सामान्य शिक्षण: भाषा, समाजशास्त्र, मानव्यशास्त्रं. हे विषय कम्युनिटी कॉलेजमधून किंवा वर्गात न बसता क्रेडिट देणारी क्लेप परीक्षा देऊन स्वस्तात भरून निघतात. दुसरी, व्यावसायिक विषयांतली: फार्माकॉलॉजी, जखमा व त्वचेचे विकार, रुग्णाला डॉक्टरकडे परत कधी पाठवायचं ते ओळखणारं स्क्रीनिंग, व्यवस्थापन. तुमच्या त्या ट्रान्झिशनल कोर्सचा उपयोग इथे आहे. अहवालात जे विषय कमी दाखवले असतील तेवढेच तिथून सुटे घ्या, आणि घेण्याआधी तो विषय ती तूट भरेल का, हे मूल्यांकन संस्थेला अभ्यासक्रम पाठवून विचारा. अख्खी पदवी आधी घेऊन मागाहून मूल्यांकन केलं, तर नको असलेले विषय शिकून होतात आणि हवा असलेला राहून जातो.

कागदपत्रांना सर्वांत जास्त वेळ लागतो. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट संस्थेकडे जावी लागते. तुमच्या हातातली प्रत चालत नाही. मार्कशीटवर तास नसतात, म्हणून विषयवार थिअरी-प्रॅक्टिकलचे तास आणि सहा महिन्यांच्या इंटर्नशिपचे विभागवार तास कॉलेजच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लागतात. अभ्यासक्रम तुम्ही शिकलात त्या वर्षीचा हवा, आजचा चालत नाही. जुनी प्रत बहुधा कॉलेजच्या ग्रंथालयात मिळते. मुंबईच्या ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी) कौन्सिलकडून नोंदणीचा पडताळा लागतो, आणि नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल तर ते आधी करावं लागतं. नाशिकचं विद्यापीठ १९९८ चं. त्याआधी शिकलेल्यांनी आपल्या जुन्या विद्यापीठाकडेच अर्ज करावा.

आणि नाव. महाराष्ट्रातल्या बायकांची अर्धी पत्रापत्री यातच जाते. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव, कधी त्याखाली आईचं. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मध्ये नवऱ्याचं नाव. अमेरिकन कारकुनाला या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र इंग्रजीत, नावबदल राजपत्रात केला असल्यास ती प्रत, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र पहिल्याच अर्जासोबत जोडा. परीक्षेचा अर्ज मात्र पासपोर्टवर अक्षरशः जसं आहे तसाच भरा. ओळखपत्र जुळलं नाही तर केंद्रावरून परत पाठवतात.

मूल्यांकन आणि इंग्रजीची अट पुरी झाली की एनपीटीई ही फिजिकल थेरपिस्टांची राष्ट्रीय परीक्षा. पासची रेषा सगळ्या राज्यांत ६०० आहे, त्यामुळे न्यू जर्सीसाठी दिलेली परीक्षा टेक्सासला पुन्हा द्यावी लागत नाही. बारा महिन्यांत तीनदाच आणि आयुष्यात सहादाच बसता येतं. तयारी नसताना ‘अंदाज घ्यायला’ बसू नका.

टेक्सासला जाताना ‘पीटी कॉम्पॅक्ट’ हा शब्द कानावर येईल. एका राज्याच्या परवान्यावर दुसऱ्या सदस्य राज्यात काम करू देणारा हा राज्याराज्यांतला करार. दोन्ही राज्यं त्यात आहेत. पण कॉम्पॅक्टची मुभा तुमच्या घरच्या राज्याच्या परवान्याला टांगलेली असते, आणि घरचं राज्य म्हणजे तुम्ही राहता ते. तुम्ही ह्यूस्टनला बिऱ्हाड हलवलं की टेक्सास घरचं होतं आणि तिथला पूर्ण परवाना काढावा लागतो. कॉम्पॅक्ट उपयोगी आहे तो न्यू जर्सीत राहून शेजारच्या सदस्य राज्यात काम करणाऱ्याला. नर्सिंगच्या कॉम्पॅक्टचंही हेच, आणि कॅलिफोर्निया व न्यू यॉर्क त्यात नाहीतच. शिवाय टेक्सासची स्वतःच्या कायद्यावरची छोटी ऑनलाईन परीक्षा आहे. बदली परवान्यासाठीही अनेक बोर्डं परदेशी पदवीचं मूल्यांकन पुन्हा बघतात, म्हणून अहवाल जपून ठेवा आणि न्यू जर्सीला लागेल त्यापेक्षा टेक्सासची अट कडक असेल तर आत्ताच तीच गाठा.

ज्यांना इथे नवा कोर्स घ्यायचाच आहे त्यांच्या हाताशी एक साधन आहे. केंद्र सरकारच्या कर्जयोजनेत असलेल्या विद्यापीठांना, परवान्याकडे नेणाऱ्या कोर्सची माहिती कोणत्या राज्यांची शैक्षणिक अट तो पुरी करतो आणि कोणत्या राज्यांची नाही, अशी जाहीर करावी लागते. हा नियम जुलै २०२० पासून आहे. तेव्हा ‘आम्ही ठरवलेलं नाही’ हा तिसरा रकानाही चालत असे आणि पुष्कळ विद्यापीठं त्यातच बहुतेक राज्यं ढकलत. १ जुलै २०२४ पासून नियम कडक झाला: विद्यार्थी प्रवेशाच्या वेळी ज्या राज्यात आहे, तिथली अट कोर्सने पुरी केली पाहिजे. यात एक फट आहे. मी दुसऱ्या अमुक राज्यात काम करणार आहे, असं तुम्ही लिहून दिलंत तर विद्यापीठ प्रवेश देऊ शकतं. प्रवेशाच्या कागदांच्या गठ्ठ्यात असं निवेदन असेल तर सही करण्याआधी वाचा. आणि ‘प्रवेशाच्या वेळी’ हे शब्दही लक्षात ठेवा. मध्येच राज्य बदललंत तर विद्यापीठावर ती जबाबदारी राहत नाही.

‘आमचा ऑनलाईन कोर्स सारा करारामुळे सगळीकडे चालतो’ असंही सांगतात. त्या कराराने विद्यापीठाला दुसऱ्या राज्यातल्या विद्यार्थ्याला शिकवायची मुभा मिळते. परवान्याशी त्याचा संबंध नाही.

जाहिरातीतली क्रियापदंही वाचायला शिका. ‘परीक्षेची तयारी करून घेतो’ आणि ‘अमुक राज्याची शैक्षणिक अट पुरी करतो’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसरं वाक्य राज्याच्या नावासह ईमेलवर मिळवा. बोर्डालाही तसंच विचारा, पण ‘हा कोर्स चालेल का’ असं नको. त्याला ‘अर्ज आल्यावर बघू’ एवढंच उत्तर येतं. ‘नियमावलीतल्या अमुक कलमाखाली, परदेशी पदवीधारकाकडून तुम्ही कोणत्या संस्थेचं, कोणत्या आवृत्तीचं मूल्यांकन घेता?’ असं विचारलं की नेमकं उत्तर मिळतं.

बी.कॉम.वाल्यांचा सीपीएबद्दलचा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून तोही इथेच. अमेरिकेतली बॅचलर पदवी १२० क्रेडिटची, परवान्याची परंपरागत अट १५० ची, आणि आपली तीन वर्षांची बी.कॉम. मूल्यांकनात बहुधा ९० च्या आसपास बसते. एम.कॉम. किंवा सीए जोडून बेरीज जुळू शकते. बेरीज जुळूनही लोक अडतात ते विषयांच्या क्रेडिटमध्ये: न्यू जर्सीला अकाउंटिंगची २४ आणि व्यवसाय विषयांची २४, न्यू यॉर्कला ३३ आणि ३६. परीक्षेला बसण्याची पात्रता आणि परवान्याची पात्रता याही वेगळ्या. बऱ्याच राज्यांत १२० वर बसता येतं. चारही पेपरांत ७५ मिळवून परवान्याविना राहिलेले पुष्कळ आहेत. ही १५० ची भिंत आता सैल होते आहे. ओहायोने जानेवारी २०२५ मध्ये कायदा करून, २०२६ पासून बॅचलर पदवी, दोन वर्षांचा अनुभव आणि परीक्षा हा पर्याय दिला, आणि इतर राज्यंही त्या वाटेला लागली आहेत. महागडं एम.एस. इन अकाउंटिंग केवळ क्रेडिटसाठी घेणार असाल, तर आधी आपल्या राज्याचा नवा नियम बघा.

परवाना म्हणजे काम करण्याची मुभा नव्हे, हे एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्यांनी वेगळं मोजावं. परवाना राज्य देतं, नोकरीची परवानगी केंद्र सरकार. तुमच्याकडे ईएडी, म्हणजे नोकरीच्या परवानगीचं कार्ड, नसेल तरी मूल्यांकन आणि परीक्षा उरकून ठेवता येते, फक्त दोन गोष्टी तपासा: अर्जाला सोशल सिक्युरिटी नंबर लागतो का आणि नसल्यास बोर्ड काय स्वीकारतं, आणि परवाना मिळाल्यावर तो वापरात नसला तरी नूतनीकरणाची फी व सतत शिक्षणाचे तास कधीपासून सुरू होतात. ईएडी यायला वर्ष लागणार असेल तर परीक्षा पास होऊन परवान्याचा शेवटचा अर्ज थोडा मागे ठेवणं स्वस्त पडतं. मात्र टेक्सासला गेल्यावरच तो करायचा असेल, तर निकाल नंतर टेक्सासच्या बोर्डाकडे पाठवण्याची फी वेगळी धरा.